पाहुण्यांसाठी दिलेला रंग

ज्याने आपल्यावर खटला भरला तोच माणूस ती बातमी घेऊन दारात यावा, असे नावाड्याने ना कधी पाहिले होते, ना ऐकले होते. लोक खटला भरतात आणि मग समोरून येताना दिसले की रस्ता बदलतात. हा माणूस मात्र कोर्टाच्या नोटिशीच्या आधी स्वतः चालत आला. चपला दाराबाहेर जोडून ठेवल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

हे चष्मेवाले. बाजारपेठेत त्यांचे चष्म्यांचे जुने दुकान होते. आठवड्यातून एक दिवस दुकानाला कुलूप घालून ते तळ्यावर येत, नावाड्याच्या होडीत बसत आणि पाखरे बघत. तळे अभयारण्यात होते. तळ्याच्या मधोमध एक बेट, बेटाच्या कडेने गुडघाभर पाण्यात उभी असलेली झाडे, आणि त्या झाडांवर बगळ्यांची, करकोच्यांची, पाणकावळ्यांची घरटी. नावाडी वल्हवत असे, चष्मेवाले दुर्बीण लावून बसत. दोघेही मुलखाचे अबोल. पण वर्षानुवर्षे एकत्र गप्प बसून माणसे जितकी ओळखीची होतात, तितकी बोलून होत नाहीत.

"आज कसे काय, काका? तुमचा वार तर उद्याचा," नावाडी म्हणाला. "आत तरी या."

"आधी सांगतो. ऐकल्यावर तुम्ही या म्हणालात, तर येतो."

आणि त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितले. तळ्यावर कंपनी आली, तिच्या मोटारबोटी आल्या, बोटींवर गाणी आली, इथवर नावाड्याला ठाऊकच होते. बेटाच्या पूर्वेला कंपनीने पाण्यावर तरंगणारे हॉटेल बांधले, हेही तो रोज बघत होता. त्या बाजूच्या झाडांवरचे करकोचे यंदा अंडी तशीच टाकून उडून गेले. चष्मेवाल्यांनी ते पाहिले आणि त्यांना घास गिळवेना. त्यांनी कोर्टात अर्ज केला, की अभयारण्यात चाललेला हा धंदा बंद करावा.

"मग बरंच केलंत की."

"पूर्ण ऐका. वकील म्हणाले, कायद्यात कंपनी आणि माणूस असा फरक नाही. पैसे घेऊन अभयारण्यात लोक फिरवणं म्हणजे धंदा. एकाचा बंद करा आणि दुसऱ्याचा चालू ठेवा, असं मागता येत नाही. म्हणून अर्जात सगळ्याच होड्या आल्यात. वल्ह्यांच्यासुद्धा. तुमचीसुद्धा."

नावाड्याच्या हाताला दुसरे कुठलेही काम येत नव्हते. होडी बापाची, घाट बापाचा, आणि त्या होडीवर फिरायला येणारी माणसे हीच त्याची शेतीवाडी. ती गेली तर तो रोज सकाळी उठून कुठे जाणार होता, हे त्याला खरोखरच सुचेना.

आतून नावाड्याच्या बायकोचा आवाज आला. तिला भिंतीपलीकडचे ऐकू येई आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल असेच ती बोले. "म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळायचं. असंच ना, काका?"

"हो," चष्मेवाले म्हणाले. "अगदी तसंच झालंय."

ती भांडायच्या तयारीने पदर खोचून बाहेर आली होती. पण समोरच्याने पहिल्याच वाक्याला मान डोलावल्यावर भांडण पुढे न्यायचे कसे? तिने नवऱ्याकडे पाहिले. नवरा जमिनीकडे बघत होता.

"चहा टाकते," ती शेवटी म्हणाली. "त्यात साखर घालू का विष?"

"साखर कमीच," चष्मेवाले मनापासून म्हणाले.

नावाड्याला अशा वेळीही हसू आले. "या आत," तो म्हणाला.

*

पुढच्या काही दिवसांत नावाड्याला कळून चुकले, की खटल्यात कोण आपला आणि कोण परका हे ओळखणे फार अवघड असते. सगळ्यात आधी कंपनीचा मॅनेजर घाटावर आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणे. म्हणाला, "आपण दोघं एकाच बाजूचे. म्हाताऱ्यानं तुम्हालाही ओढलं, आम्हालाही. आमचे वकील तुमचंही लढतील, तुम्हाला दमडी पडणार नाही. फक्त एवढंच म्हणायचं, की बोटींमुळे पाखरांना काही होत नाही. कुठल्याच बोटींमुळे."

"कुठल्याच?" नावाड्याने विचारले.

"कुठल्याच."

नावाड्याने घरी येऊन सांगितले, तेव्हा त्याच्या मेहुण्याला हे फार पसंत पडले. मेहुणा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. रंगांच्या डब्यांसारखाच सदा उघडा आणि सदा सांडलेला. "भावोजी, फुकटचा वकील आणि तोही मोठा. घ्या की."

"आणि उद्या त्या पाखरांसमोर कुठल्या तोंडानं जाऊ?"

"पाखरं काय तोंडं बघतात होय?"

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ऐकलंय ना?" नावाडी म्हणाला. "मी नाही दांडा व्हायचा."

बायकोने या वेळी भावाची बाजू घेतली नाही, की नवऱ्याचीही घेतली नाही. तिने फक्त दुसऱ्या दिवशी सगळ्या होडीवाल्यांच्या बायकांना गोळा केले आणि मोफत कायदेसल्ल्याच्या कार्यालयात जाऊन बसली. तिथून एक तरुण वकीलबाई मिळाली. बाईने सगळे ऐकून घेतले आणि खरे तेच सांगितले. "कायदा त्यांच्या बाजूचा आहे. पण वल्ह्यांच्या होड्यांनी पाखरांना त्रास होत नाही हे न्यायाधीशांना पटलं, तर काहीतरी वाट निघेल. पटवायचं कसं, ते मलाही अजून कळत नाही."

न कळलेले न कळले म्हणून सांगणारा वकील मिळाला, यावर नावाडी पुष्कळ दिवस समाधानी होता.

सुनावणीच्या दिवशी तो कोर्टात जायला बसमध्ये चढला, तर पुढच्या बाकावर चष्मेवाले बसलेले. त्यांनी सरकून जागा केली. दोघे शेजारी बसून गेले. कोर्टाच्या लांबलचक व्हरांड्यातही एकच बाक रिकामा होता, तेव्हा तिथेही शेजारीच बसले. चष्मेवाल्यांचे वकील घाईघाईने आले, दोघांना बघून थबकले आणि आपल्या अशिलाला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही प्रतिवादीबरोबर काय बसलाय?"

"ते बसलेले होते. दुसरीकडे कुठे बसू?"

आत न्यायाधीशांनी दोन्हीकडचे बोलणे ऐकले. एकाने छायाचित्रे दाखवली, दुसऱ्याने ती खोडून काढली. कंपनीच्या वकिलाने परदेशातल्या कुठल्या तरी तळ्याचा अहवाल वाचला. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कागदावरची पाखरं पुष्कळ झाली," ते म्हणाले. "कुणीतरी जाऊन खरी बघून या." आणि त्यांनी एक ज्येष्ठ वकीलबाई कमिशनर म्हणून नेमल्या. त्यांनी तळ्यावर जायचे, वल्ह्याच्या होडीतून आणि कंपनीच्या बोटीतून बेटापर्यंत फिरायचे, आणि जे दिसेल ते लिहून आणायचे.

बाहेर आल्यावर नावाड्याला इतके हलके वाटले, की त्याने परतीच्या बसचे चष्मेवाल्यांचेही तिकीट काढले. त्याला वाटले, आता काळजी कसली? माणूस खोटे बोलेल, कागद खोटे बोलेल, पण त्याच्या होडीला बघून पाखरू उडाल्याचे त्याला आठवत नव्हते. कमिशनरबाईंना नुसते बसवायचे आणि वल्हवायचे. बाकीचे पाखरे सांगतील.

*

चुकले ते इथे. आणि चूक झाली ती चांगुलपणातून झाली, म्हणून ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

कोर्टाच्या बाई येणार म्हटल्यावर नावाड्याच्या बायकोने घाटावर जाऊन होड्या पाहिल्या. आयुष्यभर बघत आली होती, पण पाहुण्याच्या नजरेने आज पहिल्यांदा पाहिल्या. डांबर फासून फासून काळ्याकुट्ट झालेल्या, ठिगळाच्या फळ्या, कडेला शेवाळ. पाणी उपसायला चेपलेला डबा.

"अहो, या कळकट होडीत बसवणार कोर्टाच्या बाईला?" ती म्हणाली. "पाहुणा यायचा तर आपण निदान केर तरी काढतो."

"होडी अशीच असते."

"कंपनीची बोट बघा, दुधासारखी. त्या बाई म्हणतील, असल्या कावळ्यांना कशाला ठेवायचं, बंद करा."

हे नावाड्याला टोचले. खरे म्हणजे त्यालाही मनातून वाटत होतेच. एवढी मोठी बाई आपल्यासाठी, आपले खरे आहे का ते बघायला, लांबून येतेय. आपल्याकडून काही नको का? मेहुणा तर वाटच बघत होता. त्याच्याकडे कुठल्याशा मिठाईच्या दुकानाच्या पाटीतून उरलेला पिवळा होता, शाळेच्या भिंतीतून उरलेला लाल होता. सगळे होडीवाले, त्यांच्या बायका, सगळ्यांनी मिळून होड्या घाटावर ओढल्या, घासल्या आणि रंगवल्या. पिवळ्याधमक होड्या, काठ लालबुंद. नावाड्याच्या होडीवर मेहुण्याने पुढच्या बाजूला, जीव ओतून, वेलबुट्टीसकट लिहिले : सुस्वागतम्.

वनखात्याने पाहणीसाठी म्हणून नव्या नारिंगी जीवरक्षक जॅकिटांचा गठ्ठाही पाठवला होता. ती जॅकिटे आणि त्या होड्या अशा उन्हात ओळीने झळकत होत्या, की एका म्हाताऱ्या होडीवाल्याला गहिवरून आले. "माझ्या लग्नातही मी इतका चांगला दिसलो नसेन," तो म्हणाला.

वकीलबाई आदल्या दिवशी आली असती तर काही बोलली असती. ती पाहणीच्या दिवशीच सकाळी आली, कमिशनरबाईंच्याच गाडीतून. तिने होड्या पाहिल्या आणि तिलाही त्या छानच वाटल्या.

*

होडीत कमिशनरबाई मधल्या फळीवर बसल्या. शांत, पिकलेल्या केसांच्या, मांडीवर वही. त्यांच्या समोर चष्मेवाले आणि त्यांचे वकील, मागे वकीलबाई आणि कंपनीचा मॅनेजर. सगळ्यांच्या अंगावर नारिंगी जॅकिटे. नावाड्याने वल्ह्यांच्या खुंट्यांना रोजच्यासारखे तेलात भिजवलेले फडके गुंडाळले होते, त्यामुळे वल्ही कुरकुरत नव्हती. पाण्याचा आवाजसुद्धा असा, की कुणी झोपेत कूस बदलावी. नावाड्याला वाटले, आजपर्यंत एवढी चांगली होडी आपण हाकली नसेल.

बेट अजून पुष्कळ लांब होते, तेव्हाच पहिला बगळा उठला. मग त्याच्या शेजारचा. मग एकदम सगळे झाड उठल्यासारखे झाले. करकोचे, पाणकावळे, बगळे, जेवढे पांढरे आणि काळे होते तेवढे आकाशात. कलकलाटाने कान बधिर झाले. घरटी उघडी पडली, आणि कुठे बसून होते कोण जाणे, कावळे त्या उघड्या घरट्यांकडे झेपावले.

नावाड्याचे हात थांबले. हे त्याच्या डोळ्यांदेखत होत होते आणि त्याचा विश्वास बसत नव्हता. ज्यांच्या भरवशावर तो निर्धास्त होता, त्यांनीच भरल्या पंक्तीतून उठून जावे तसे झाले.

"अरेरे," मॅनेजर मागून म्हणाला. आवाजात दुःख फारसे नव्हते. "बघा मॅडम. वल्ह्यांनी हे होतं. आम्ही तर मोटर बंद करून बोट बांबूनं ढकलत आणणार होतो."

"फक्त आजच्या दिवशी?" वकीलबाईने विचारले. मॅनेजरला ते ऐकू गेले नाही.

कमिशनरबाई लिहीत होत्या. चष्मेवाल्यांच्या वकिलाने समाधानाने मान हलवली. त्यांना याहून जास्त काही सिद्ध करायचे नव्हते. अर्जात लिहिलेले, सगळ्या होड्यांनी पाखरांना त्रास होतो हे, आता कोर्टाच्या डोळ्यांनी पाहिले होते.

"मागे घ्या," चष्मेवाले नावाड्याला म्हणाले. "लवकर मागे घ्या होडी."

त्याने घेतली. हात आपोआप चालत होते. घाटाला लागल्यावर सगळे उतरले. नावाडी मात्र होडीतच बसून राहिला. बायको काठावर उभी होती. काय झाले ते तिला त्याच्या पाठीवरून कळले होते.

चष्मेवाले काठावर उभे राहून होडीकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. माणसे गाड्यांकडे निघाली तरी ते हलेनात.

"मॅडम," ते एकदम म्हणाले. घसा खाकरला. त्यांना चार माणसांत बोलायची सवय नव्हती आणि कानशिले लाल झाली होती. "जे लिहिलंत ते खोडू नका. पण ते पुरतं नाही."

कमिशनरबाई थांबल्या.

"मी या होडीतून याच बेटाजवळ किती वर्षं जातोय. पाखरं उठत नाहीत. एकदा तर करकोचा वल्ह्यावर बसायचा राहिला. ही होडी काळी असते. पाखरांच्या लेखी ती वाहत आलेलं लाकूड. आज लाकडाला पिवळा रंग आलाय, आणि आपण सगळे नारिंगी." त्यांनी अंगावरच्या जॅकिटाकडे पाहिले. "मला आज सकाळीच ते दिसायला हवं होतं. माझ्या ते लक्षात आलं नाही."

"काका," त्यांचे वकील त्यांच्या कानाशी येऊन म्हणाले. ते हळू बोलत होते, पण घाटावर सगळ्यांना ऐकू आले. "काका, आपण जिंकतोय."

"हो ना. म्हणून तर घाई करतोय. नाहीतर जिंकून बसू."

मॅनेजर पुढे आला. "हे चालणार नाही. हा पुरावा बदलण्याचा प्रकार आहे."

"पुरावा रंग देताना बदलला," कमिशनरबाई शांतपणे म्हणाल्या. "मी दोन्ही लिहीन. काय करायचं म्हणता तुम्ही?"

"चिखल लावू," चष्मेवाले म्हणाले. "पण आधी पाखरांना बसू द्या. पूर्ण बसू द्या. आणि मग एकदाच जाऊ. पुन्हापुन्हा नाही. उठवणं एकदाच झालं तेच पुष्कळ झालं."

"मी थांबते," कमिशनरबाई म्हणाल्या, आणि झाडाखालच्या दगडावर जाऊन बसल्या.

मग घाटावर जे झाले, ते आठवले की नावाड्याला आजही आधी हसू येते आणि मग डोळे पुसावे लागतात. काठाच्या काळ्या चिखलात बायका उतरल्या, होडीवाले उतरले. पंजे भरभरून चिखल त्या पिवळ्या रंगावर लागू लागला. मेहुणा स्वतःच्या वेलबुट्टीपुढे हातात चिखलाचा गोळा धरून उभा होता.

"लाव रे," त्याची बहीण म्हणाली. "रांगोळी काय कायमची राहते?"

"ताई, रांगोळी दुसऱ्यानं पुसावी. स्वतःच्या हातानं नको."

मग चष्मेवाल्यांनीच बाह्या दुमडल्या आणि 'सुस्वागतम्'वर चिखल फासला, अगदी काळजीपूर्वक, एकेक अक्षर मिटवत, जणू नाजूक काच पुसत होते. फासता फासता म्हणाले, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं." मेहुण्याचा चेहरा तेवढ्याने खुलला.

जॅकिटांचे अस्तर राखाडी निघाले. ती उलटी करून घातली.

ऊन कलले. बेटावरचा गलका हळूहळू शमला. चष्मेवाले काठावर दुर्बीण लावून उभे होते. शेवटी म्हणाले, "आता."

या वेळी नावाड्याने वल्ही हळूच पाण्यात सोडली. बेट जवळ येऊ लागले. मघाचीच ती जागा, जिथे पहिला बगळा उठला होता. तो बगळा तिथेच होता. त्याने मान वळवली, होडीकडे पाहिले. नावाड्याने वल्ही वरच धरली. बगळ्याने मान परत वळवली आणि चोचीने पंख विंचरू लागला.

होडी पुढे सरकली. पाणकावळ्यांच्या फांदीखालून गेली, तेव्हा एक पाणकावळा फांदीवर जरा पलीकडे सरकला, जसा बसमध्ये कुणी सरकून जागा देतो. बस्स, तेवढेच. एका घरट्यात करकोचीण उन्हाकडे पाठ करून पंख पसरून उभी होती, आणि तिच्या सावलीत मऊ पांढऱ्या पिसांची पिल्ले चोची वासून बसली होती. कमिशनरबाईंनी वही मिटली. त्या नुसत्या बघत राहिल्या. कुणीही बोलले नाही. मॅनेजरसुद्धा नाही, आणि हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

नावाड्याला आतून भरून आले होते. ही पाखरे त्याची कुणी लागत नव्हती. त्यांना त्याचे नाव माहीत नव्हते, त्याच्या घरी चूल कशावर पेटते ते माहीत नव्हते. ती नुसती बसून राहिली होती. पण माणसाने माणसावर केलेले मोठमोठे उपकार त्याला त्यापुढे थिटे वाटले.

परत फिरताना होडी बेटाच्या पूर्वेकडून आली. तिथे तरंगते हॉटेल होते, पताका होत्या, कर्णे होते. आणि त्यासमोरची झाडे रिकामी. घरटी होती, पण कुणीच नव्हते. एका घरट्याच्या कडेला फुटलेल्या अंड्याचे टरफल उन्हात पांढरे दिसत होते.

"कंपनीची बोट चालवून बघायची ना?" वकीलबाईने विचारले.

"नको," चष्मेवाले म्हणाले. "कृपा करा. आज पुरे."

कमिशनरबाईंनी त्या रिकाम्या झाडांकडे पाहिले. "गरज नाही," त्या म्हणाल्या.

*

निकाल लागायला बरेच दिवस लागले. लागला तो असा : मोटारबोटी आणि तरंगते हॉटेल तळ्यातून काढावे. वल्ह्यांच्या होड्या चालू राहाव्यात, पण विणीच्या महिन्यांत पूर्ण बंद, आणि एरवीही बेटापासून ठरावीक अंतर राखून. शिवाय होड्यांना डांबराखेरीज दुसरा कुठलाही रंग देऊ नये.

"तुझं नाव नाही घेतलं, पण कोर्टाच्या हुकमात तू आलास रे," बहीण भावाला म्हणाली. पुढे पुष्कळ दिवस मेहुणा हे लोकांना अभिमानाने सांगत होता.

विणीच्या महिन्यांत करायचे काय, हा प्रश्न होताच. पण पुढच्या वर्षाचा प्रश्न पडायला पुढचे वर्ष असावे लागते, आणि ते आता होते. नावाडी निकालाच्या दिवशी जेवला आणि भिंतीला टेकून बसला. बायको भांडी आवरत होती.

"काकांना जाऊन भेटायला हवं," तो म्हणाला.

"जा की."

"काय म्हणू?"

"इतकी वर्षं होडीत काय म्हणत होता?"

"काहीच नाही."

"मग तेच म्हणा," ती म्हणाली. मग भांडे पालथे घालून जरा थांबली. "नाही. या वेळी काहीतरी म्हणा."

होडीवाल्यांचा बेत वेगळा होता. घाटावर मंडप घालून चष्मेवाल्यांचा सत्कार करायचा, भाषणे करायची. ही कुणकुण चष्मेवाल्यांना लागली तशी त्यांनी 'काही दिवस दुकान बंद' अशी पाटी लावली आणि ते बहिणीकडे जाऊन राहिले. सत्काराचा उत्साह ओसरल्याचे कळले, तेव्हाच परत आले. त्यांच्याच वकिलाने म्हणे त्यांना सांगितले होते, की असा अशील मला जन्मात मिळाला नव्हता आणि परत न मिळो. पण हे सांगताना वकील हसत होते आणि त्यांनी फी निम्मी केली, असेही लोक म्हणत.

दुकान उघडले त्या सकाळीच नावाडी गेला. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना काचेची कपाटे, त्यात नुसत्या फ्रेमी. शेकडो रिकाम्या चष्म्यांतून कुणी आपल्याकडे बघतेय असे वाटून तो संकोचला. घरून निघताना त्याने वाक्य जुळवले होते. इथे येईपर्यंत ते सांडून गेले.

"या," चष्मेवाले म्हणाले आणि तेही गप्प झाले. दोघे काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहिले. होडीत ही शांतता कशी छान वाटे. दुकानात ती फार मोठी वाटू लागली.

"डोळे तपासायचे होते," नावाडी शेवटी म्हणाला.

"काही त्रास होतो?"

"नाही. तसंच."

चष्मेवाल्यांनी त्याला आतल्या खोलीत नेले. उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. त्यांनी दिवा मालवला. फक्त तक्ता उजळला. मग नावाड्याच्या एका डोळ्यावर हळूच झाकण ठेवले.

"वरून वाचा."

नावाड्याने वरचे मोठे अक्षर वाचले. दुसरी ओळ वाचली. तिसरी वाचली. खोलीत त्याला चष्मेवाल्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्यांना त्याचा दिसत नसावा. चौथ्या ओळीपाशी तो थांबला.

"दिसत नाही?"

"दिसतंय," नावाडी म्हणाला. "काका, तुम्ही त्या दिवशी बोलला नसतात, तर तुम्ही जिंकला असतात. आणि मी घाटावर बसून राहिलो असतो. रोज सकाळी उठलो की मला हे आठवतं. उठतो, वल्ही खांद्यावर घेतो आणि आठवतं. एवढंच सांगायचं होतं."

अंधारात काच काचेला लागल्याचा बारीक आवाज आला. आयुष्यभर काचा हाताळायची सवय असलेल्या हातांतून भिंग निसटता निसटता वाचले होते.

"चौथी ओळ राहिली," चष्मेवाले म्हणाले. "सावकाश वाचा. घाई नाही."

नावाड्याने ती सावकाश वाचली.